ढगाला टेप कशी लावायची?

डिसेंबरात रात्री आठ-नऊला पूर्वेला बघा. मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मधले तीन तारे, म्हणजे हरणाला लागलेला तो बाण, एकाखाली एक उभे दिसतात. त्यातला सगळ्यात वरचा मिंटाका. दिसतो एक, पण त्यात दोन तारे साधारण पावणेसहा दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यामुळे त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा कधी निळ्याकडे सरकतात, कधी तांबड्याकडे. १९०४मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या योहान्स हार्टमान यांनी एक गंमत नोंदवली. बाकी रेषा मागेपुढे नाचतायत, कॅल्शियमची एक रेषा मात्र ढिम्म! म्हणजे ती ताऱ्याची नव्हतीच. तारा आणि आपण यांच्या मध्ये कुठंतरी असलेल्या वायूनं तेवढा प्रकाश गिळला होता.

घोडं अडतं ते या ‘कुठंतरी’पाशी. रेषेची खोली सांगते वायू किती, सरकणं सांगतं वेग, रुंदीवरून तापमानाचा अंदाज येतो. पण ढग किती लांब आहे? ते कळल्याशिवाय तो केवढा नि किती जड, हे सांगता येत नाही. अंतर दुप्पट निघालं तर वस्तुमान थेट चौपट!

यावरची युक्ती घाटात गाडी चालवणाऱ्याला पटकन कळेल. रस्त्यावरचे पाच दिवे लख्ख, सहाव्यापासून पुढचे सगळे मंद. मग धुकं कुठं आहे? पाचव्या नि सहाव्याच्या मध्ये. आकाशातले दिवे म्हणजे तारे. फक्त प्रत्येक दिव्याचं अंतर आधी माहीत हवं. ते काम ‘गाया’ दुर्बिणीनं केलं. २०१३मध्ये उडालेल्या या यानानं जानेवारी २०२५पर्यंत शंभर कोटींहून जास्त तारे मोजले. ढगात वायूबरोबर धूळही असते. कोणत्या अंतरापासून तारे धुळीमुळे लालसर नि मंद व्हायला लागतात ते बघायचं, की ढग सापडला.

एप्रिल २०२५मध्ये जाहीर झालेल्या ‘इऑस’चं अंतर असंच ठरलं: फक्त ३०० प्रकाशवर्षं. खगोलाच्या हिशेबात म्हणजे शेजारची बिल्डिंग! वस्तुमान सुमारे ३४०० सूर्यांएवढं. डोळ्यांना दिसता तर आकाशात ओळीनं चाळीस चंद्र मावतील एवढा मोठा. मग इतकी वर्षं लपला कसा? असे ढग सहसा कार्बन मोनॉक्साइडच्या खुणेवरून शोधतात आणि इथं तो जवळपास नाहीच. रटगर्स विद्यापीठाच्या ब्लेकस्ली बर्कहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये सोडलेल्या एका कोरियन उपग्रहाची जुनी माहिती उघडली. त्यात हायड्रोजनचे रेणू स्वतःच अतिनील प्रकाशात चमकताना दिसले. नवी दुर्बीण नाही, नवं यान नाही. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि एका ढगात तर आपणच आहोत, निदान त्याच्या काठाशी. तापमान सहा-सात हजार अंश, पण चार घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम एक अणू, त्यामुळे चटका बसायचा प्रश्नच नाही. हा वायू सूर्याजवळून सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर वेगानं वाहतो. व्याध तारा अवघा ८.६ प्रकाशवर्षं दूर, तरी त्याच्या प्रकाशात हबल दुर्बिणीला दोन वेगळ्या ढगांच्या रेषा सापडल्या. त्यातला एक आपला, दुसरा शेजाऱ्याचा. येत्या काही हजार वर्षांत सूर्य आपल्या ढगातून बाहेर पडेल, असा अंदाज आहे.