आजोबांच्या कॅसेटी आणि वरच्या मजल्यावरचा राउटर

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी दिवा लावून झाला की आजी टीव्हीसमोर बसते. मालिका बघायला नाही, आजोबांची भजनं ऐकायला. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गायचेही. त्यांनी स्वतः टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेल्या चाळीसेक कॅसेटी आत्याने काही वर्षांपूर्वी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्या फाइली आणि घरातल्या लग्नामुंजींचे फोटो १ टीबीच्या एका छोट्या डिस्कवर आहेत. डिस्क वरच्या मजल्यावरच्या राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेली. खाली टीव्हीवर व्हीएलसी उघडायचं, घरच्या नेटवर्कवरचा फोल्डर निवडायचा, की आजोबा सुरू.

मागच्या पावसाळ्यात ही चांगली चाललेली व्यवस्था मी तीन आठवडे बंद पाडली. कशी पाडली आणि पुन्हा कशी उभी केली, ते सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या घरातले "कॉम्प्युटरवाले" असणार, तेव्हा माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात.

सुरुवात एका लॅपटॉपवरून

धाकट्या बहिणीने नवा लॅपटॉप घेतला. त्यावर आजोबांचा फोल्डर उघडेना. विंडोजचं म्हणणं असं की, ही जागा सुरक्षित नाही, तिला एसएमबी१ ही कालबाह्य पद्धत लागते.

एसएमबी म्हणजे एका यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला दाखवायची भाषा. तिची पहिली आवृत्ती फार जुनी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो विंडोजच्या याच जुन्या आवृत्तीतल्या एका भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाला ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण असंख्य मशीनवर ते लावलेलंच नव्हतं. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या मशीनवर एसएमबी१ आपोआप मिळणं बंद झालं.

आमच्या राउटरला मात्र तेवढीच एक भाषा येत होती, आणि कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट केव्हाच थांबवले होते. लॅपटॉपवर एसएमबी१ पुन्हा चालू करणं दोन मिनिटांचं काम. पण तोच लॅपटॉप कॉलेजच्या वायफायवरही जाणार. घरातलं एक दार उघडावं म्हणून रस्त्यावरचं कुलूप काढून ठेवण्यासारखं ते झालं असतं. म्हणून मी ठरवलं, राउटरलाच नवी भाषा शिकवायची.

राउटरच्या आत काय असतं

राउटर हा एक छोटा कॉम्प्युटरच. त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना सांगतो की, हे वापरून काही विकलंत तर त्याचा सोर्स कोडही द्यायला हवा. २००३ मध्ये कंपनीने तो कोड खुला केला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं "डब्ल्यूआरटी" त्या राउटरवरूनच आलं. आज शेकडो मॉडेलांवर हे फर्मवेअर फुकट चालतं आणि कंपनीने सोडून दिलेल्या राउटरलाही नवे अपडेट मिळत राहतात.

त्यांच्या यादीत आमचं मॉडेल होतं. इथे एक काम मी नीट केलं. राउटर उलटा करून तळाच्या स्टिकरवरचा व्हर्जन क्रमांक बघितला. एकाच नावाच्या राउटरच्या पहिल्या आणि दुसऱ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल घातली तर राउटरची वीट होते. आमच्यात १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम होती. ८ आणि ६४ असते तर नव्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊच नका, असं प्रकल्पवाले स्वतःच सांगतात.

रविवारी दुपारी राउटर काढून माझ्या टेबलावर आणला, इन्व्हर्टरच्या प्लगला लावला, फाइल चढवली. पाच मिनिटांत नवं फर्मवेअर चालू. बाबांना म्हटलं, "संध्याकाळपर्यंत होईल."

एकामागून एक

पहिला धक्का म्हणजे वायफाय गायब. हा बिघाड नव्हे. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने घातल्यावर बहुतेक राउटरवर वायफाय मुद्दामच बंद असतं, म्हणजे पासवर्ड न लावता ते उघडं राहत नाही. लॅपटॉप केबलने जोडायचा, १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायचा, आधी पासवर्ड ठेवायचा आणि मग वायफाय चालू करायचं.

दुसरा घोळ पत्त्याचा. खाली आजीच्या खोलीबाहेर फायबरवाल्यांनी लावलेला डबा आहे, त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन काय करणार? इंटरनेट चालेना. मी वरच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला, तर थोड्या वेळाने तो आपला आपण जुन्या पत्त्यावर परत. दोनदा केलं, दोनदा तेच. यातही बिघाड नव्हता, शहाणपण होतं. बदल केल्यावर ठरावीक वेळात तुम्ही नव्या पत्त्यावर हजर झाला नाहीत, तर तुम्ही बाहेर अडकलात असं समजून राउटर सेटिंग उलटवतो. उपाय सोपा आहे. बदल केला की लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावायची आणि लगेच नवा पत्ता उघडायचा.

तिसरी अडचण जागेची. फाइली वाटण्यासाठी साम्बा हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. नाव शोधताना त्याने शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द काढले, त्यात "साम्बा" सापडला. आमच्या १६ एमबीत मात्र ते मावेना. मग केएसएमबीडी घातलं. हा लिनक्सच्या गाभ्यातच चालणारा हलका भाऊ, २०२१ पासून लिनक्समध्ये आहे. यूएसबी डिस्क आणि तिची एनटीएफएस मांडणी वाचायचे भागही वेगळे घालावे लागले.

रात्री अकरा वाजता माझ्या लॅपटॉपवर आजोबांचा फोल्डर दिसला. खाली टीव्हीवर काही दिसेना.

खट्, खट्

पुढचे दोन आठवडे मी रोज रात्री काहीतरी बदलत होतो. युजर बदल, फायरवॉल बदल, फर्मवेअरची मागची आवृत्ती घाल, पुन्हा पुढची घाल. एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलल्यामुळे कशाने काय झालं ते मलाच कळेना. बाबा म्हणाले, "होतं ते काय वाईट होतं?" आजी काहीच म्हणाली नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की नुसती बसायची. ते जास्त टोचत होतं.

मग एका रात्री फोल्डर माझ्या लॅपटॉपवरूनही नाहीसा झाला. टेबलावरची डिस्क बारीक आवाज करत होती, खट्, खट्, खट्.

तेव्हा पहिल्यांदा मी सेटिंग सोडून राउटरचा लॉग वाचला. यूएसबी जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं, पानभर हेच. म्हणजे प्रश्न फर्मवेअरचा नव्हताच, विजेचा होता. राउटर टेबलावर आणताना मी मूळ अडॅप्टर वरच्या खोलीतच ठेवला होता आणि हाताला आलेला दुसरा लावला होता. व्होल्ट सारखेच, १२. पण मूळ अडॅप्टर २ अँपिअरचा आणि हा १ अँपिअरचा. एकट्या राउटरला तेवढं पुरत होतं. डिस्कची मोटर फिरू लागली की कमी पडत होतं. दोन आठवडे ती बिचारी उठत होती आणि पडत होती, आणि मी फायरवॉल तपासत होतो.

डिस्क काढून थेट लॅपटॉपला लावली. विंडोज म्हणालं, डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का? इथे थांबलो, याबद्दल स्वतःचे आभार मानतो. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर नव्याने लिहिणं, आणि दुखऱ्या डिस्कवर लिहिणं धोक्याचं. आधी जे जे वाचता येतंय ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, दुरुस्ती नंतर. रात्रभर कॉपी चालली. सकाळी हिशेब केला. फोटो सगळे सुखरूप. भजनांच्या दोन फाइली वाचल्या जात नव्हत्या.

त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो कॉम्प्युटर तिने कधीच भंगारात दिला होता.

टीव्हीचं कोडं

डिस्कला तिचा अडॅप्टर मिळाला. उरला टीव्ही. त्याचं उत्तर माझ्याच जुन्या सेटिंगमध्ये होतं, आणि ते मी पुसून बसलो होतो.

आमचं घर जुनं, भिंती दीड-दीड हात जाड. खालच्या डब्याचं वायफाय वर पोचत नाही म्हणूनच वर हा राउटर लावला होता. लावणाऱ्या माणसाने तो ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडला होता, म्हणजे खालचं आणि वरचं मिळून एकच नेटवर्क. फर्मवेअर बदलल्यावर ते सेटिंग गेलं आणि वरचा राउटर स्वतंत्र संसार थाटून बसला. वरून खालचं दिसत होतं, खालून वरचं नाही. टीव्ही खालच्या डब्याच्या वायफायवर, डिस्क वरच्या नेटवर्कच्या आत. टीव्हीला फोल्डर दिसणार कुठून?

उपाय दहा मिनिटांचा निघाला. वरच्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, पत्ते वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी त्याच्याकडून काढून घेतलं आणि जिन्यातून आलेली केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावली. घर पुन्हा एक झालं.

बहिणीच्या लॅपटॉपवर अजून दोन गाठी होत्या. विंडोजने आमचं नेटवर्क "पब्लिक" मानलं होतं, ते "प्रायव्हेट" केलं. आणि विंडोज ११ च्या नव्या प्रो आवृत्त्या पासवर्डविना, पाहुणा म्हणून आत जाऊ देत नाहीत. म्हणून राउटरवर नाव आणि पासवर्ड असलेला युजर बनवला. नेटवर्कच्या यादीत राउटरचं नाव दिसत नसेल तर घाबरू नका. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत थेट \\१९२.१६८.१.२ हा पत्ता टाइप करा, आकडे अर्थात इंग्रजी. तिथून उघडलं तर वाटप ठीक आहे, फक्त नावाची पाटी लागलेली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कुठल्याही बदलाआधी जुन्या फर्मवेअरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढेन. डिस्क काढून कपाटात ठेवेन आणि तपासणी एखाद्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर करेन. एका वेळी एकच गोष्ट बदलेन आणि वहीत लिहीन. शोध खालून वर घेईन, आधी वीज, मग केबल, मग पत्ता, मग डिस्क, मग फोल्डर, सगळ्यात शेवटी पासवर्ड आणि नावाची पाटी. मी नेमका उलटा गेलो होतो.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवली आहे. फोल्डर पाच यंत्रांवर दिसतो म्हणजे त्याच्या पाच प्रती नसतात. प्रत एकच असते, पाच खिडक्यांतून दिसते. आता एक प्रत आत्याकडे आणि एक माझ्या कपाटात आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही उघडून बघायच्या असं ठरलंय.

त्या दोन फाइलींचं काय झालं? आजीने ट्रंकेतून कॅसेटी काढून दिल्या. तिने एकही टाकली नव्हती. "असू देत म्हटलं," एवढंच म्हणाली. आत्याचा टेपरेकॉर्डर आणला, लॅपटॉपला जोडला. कॅसेट उतरवायला घाई करता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठच मिनिटं घेते. आजी शेजारी बसली आणि मध्येच हात वर करून मला थांबवून सांगू लागली, ही मागे झांज वाजवणारे कोण, हे भजन कुणाच्या घरी झालं, त्या दिवशी पाऊस किती होता.

फाइलींना आत्याने नुसते नंबर दिले होते. त्या दोघींना आम्ही आता नावं, गाव आणि माणसं लिहून ठेवली आहेत. बाकीच्या अडतीस राहिल्या आहेत. दर रविवारी एक, आजीसोबत.