गुलाबतेलातलं खानदेशी गवत
बल्गेरियातलं कझानलकचं खोरं गुलाबतेलासाठी जगप्रसिद्ध. मे-जूनमध्ये तिथे भल्या पहाटे दमास्क गुलाब खुडतात. ऊन चढलं की तेल उडून जायला लागतं. किलोभर तेलासाठी साधारण ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात. 

इतका महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच, आणि तिचा माल जायचा आपल्या खानदेशातून! पिंपळनेर-नंदुरबारकडच्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवतं. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, पाण्यासोबत भट्टीवर उकळायचं. वाफ थंड केली की वर पिवळसर तेल तरंगतं. त्यात बहुतांश जिरॅनिऑल, आणि गुलाबतेलाच्या सुवासातही तेच द्रव्य महत्त्वाचं. १९व्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला पोचे. तिथले व्यापारी त्यात लिंबाचा रस घालून ते उन्हात ठेवत. उग्रपणा गेला की थेट गुलाबतेलात. काही बिलंदर तर ऊर्ध्वपातनाआधी फुलांवरच शिंपडत. लबाडीलाही मेहनत लागतेच म्हणा.

आज हेच तेल ‘पामारोझा’ या नावाने साबणात आणि अत्तरात उजळ माथ्याने वापरलं जातं.