पाच गोष्टी आणि एक खोली: कमी पैशातला भयपट कशावर उभा राहतो?

मागच्या भागात आपण लो-बजेट हॉररवर बोललो आणि अँथॉलॉजी फिल्मचा विषय शेवटच्या दोन मिनिटांत उरकला. त्यावर रोल्ल्यातल्याच एका श्रोत्याचा मेसेज आला. चार-पाच मित्र आहेत, सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर शूट करतात. प्रश्न साधा होता: ‘चार भुताच्या शॉर्टफिल्म एकापुढे एक जोडल्या की झाली ना अँथॉलॉजी? मग मराठीत कोणी का करत नाही?’

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगते. सिनेमांचे शेवट त्यात उघड होतील, तेव्हा आधीच सावध करते.

पैशाचं गणित आधी बघू. दीड तासाची सलग गोष्ट सांगायची तर तेच नट, तेच कपडे, तोच उजेड कित्येक दिवस सांभाळावा लागतो. वीस मिनिटांच्या गोष्टीला एक खोली, दोन माणसं आणि थोड्या रात्री पुरतात. पाच दिग्दर्शक पाच ठिकाणी एकाच वेळी शूट करू शकतात. एखादी गोष्ट फसली तरी बाकीच्या चार उभ्या असतात. साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या अमिकस कंपनीने याच हिशोबावर धंदा केला. पीटर कुशिंग, ख्रिस्तोफर ली अशा नावाजलेल्या नटांना प्रत्येकी थोडेच दिवस बोलवायचं, पण पोस्टरवर सगळी नावं एकत्र झळकवायची. प्रेक्षकाला वाटायचं, केवढा मोठा सिनेमा!

अलीकडचं ठळक उदाहरण २०१२चं ‘व्ही/एच/एस’. ‘ब्लडी डिस्गस्टिंग’ या हॉररला वाहिलेल्या वेबसाइटच्या मंडळींनी तो उभा केला, तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, आणि पुढे त्याची मालिकाच झाली. त्यात ‘कॅमेरा कोणाच्या हातात आहे?’ हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शकाने आपापल्या परीने सोडवलाय. डेव्हिड ब्रकनरच्या गोष्टीत कॅमेरा एका मुलाच्या चष्म्यात लपवलेला आहे. जो स्वानबर्गची गोष्ट तर व्हिडिओ कॉलवरच घडते: ती तिच्या खोलीत, तो दूर, आणि तिच्या मागे काहीतरी हलतंय. हलणारं चित्र, कमी उजेड, खरखरणारा आवाज या गरिबीच्या खुणा. इथे त्याच गोष्टीचा भाग होतात. आखाती देशात राहणाऱ्याला ही दुसरी गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून बोटिमवर घरच्यांचा चेहरा बघायचा, आणि तो मध्येच गोठला की नेट गेलं की आणखी काही, याची धाकधूक.

पण ‘व्ही/एच/एस’चा कच्चा दुवाही इथेच आहे. सुट्या गोष्टी बांधायला एक बाहेरची गोष्ट, म्हणजे चौकट लागते. इथली चौकट अशी: काही चोर एका घरात कॅसेट चोरायला शिरतात, टीव्हीसमोर एका म्हाताऱ्याचं प्रेत बसलेलं असतं, आणि ते कॅसेट बघू लागतात. एकेक चोर नाहीसा होतो. ठीक आहे. पण कॅसेटवरच्या गोष्टींचा आणि चोरांच्या नशिबाचा संबंध काय? फारसा नाहीच. शेवटची गोष्ट तर चौकट संपून गेल्यावर येते. गोष्टींचा क्रम बदला, चौकटीला फरक पडत नाही. माझ्या मते त्या पाच शॉर्टफिल्मच राहतात. त्यातल्या दोन उत्तम.

याउलट अमिकसचाच १९६५चा ‘डॉक्टर टेररज हाउस ऑफ हॉरर्स’ घ्या. आगगाडीच्या डब्यात पाच अनोळखी प्रवासी, सहावा पत्ते मांडून प्रत्येकाचं भविष्य सांगतो. एकेक भविष्य म्हणजे एकेक गोष्ट. रबरी वटवाघळं बघून आज हसू येतं. पण गाडी थांबते आणि कळतं की हे पाचही जण आधीच अपघातात मेलेले आहेत, तेव्हा मागच्या पाचही गोष्टींचा अर्थ फिरतो. चौकटीसाठी खर्च किती? एक डबा!

आणि ही युक्ती आपल्याला विलायतेतून शिकायची गरजच नव्हती. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी घातल्या, त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. (लोकांच्या तोंडी तो विक्रम झाला.) राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो आणि प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे प्रत्येक गोष्टीची किंमत ऐकणारा चुकवतोय. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा लग्न करतात: बापाला मुलगी मिळते, मुलाला तिची आई. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यामुळेच वाचतो. कारण खूश झालेला वेताळ त्याला सांगतो, ज्या साधूसाठी तू मला वाहून नेतोयस तो तुझाच बळी देणार आहे. खरा धोका चौकटीत होता. गोष्टी चालू असताना आपण तो विसरलो होतो, एवढंच.

हिंदीत २००३च्या ‘डरना मना है’ने हे बऱ्यापैकी जमवलं: गाडी बंद पडलेले मित्र, जंगल, शेकोटी, सहा गोष्टी, आणि गोष्टी सांगता सांगता कमी होत जाणारी माणसं. मग मराठीत? गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांनीच दहा सिनेमांना पुरेल एवढं लिहून ठेवलंय. कमी साधनांत भीती उभी करण्याची हातोटीही आहे. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ने उसाच्या फडातून काय काढलं ते आठवा. पण आपण गूढकथा वाचल्या त्या दिवाळी अंकात आणि कथासंग्रहात, सुट्या सुट्या. एक वाचली, मिटलं, झोपलो. वेताळाची सवय मोडली आणि चौकट ही आपल्याला अनुक्रमणिका वाटायला लागली. माझा तर्क आहे हा, कोणी खोडला तर ऐकायला आवडेल.

आता मूळ मेसेजकडे. या मित्रांच्या मनात चार गोष्टी आहेत आणि त्या एका बेडस्पेस खोलीत घडवायच्या आहेत. कल्पना ऐकून मी पहिल्यांदा टाळीच दिली. बाहेरच्यांसाठी सांगते: रोल्ल्यात खांबाखांबावर ‘बेडस्पेस’च्या चिठ्ठ्या असतात, म्हणजे खोली नाही, एक पलंग भाड्याने. एका खोलीत सहा माणसं, सहा गावची, कोणी दिवसपाळीला तर कोणी रात्रपाळीला. आगगाडीचा डबाच तो. शिवाय या भागाला नाव मिळालं ते एका जुन्या वडाच्या झाडावरून. झाड केव्हाच गेलं, चौकात त्याचं स्मारक आहे. वड गेला तर त्यावरचं भूत कुठे राहायला गेलं? पलंगच घेतला असेल भाड्याने.

पण इथे चौकटीतला धोका खरा आहे. भाडेकरारावर नाव एकाचं असतं, बाकीचे पाच कागदावर नसतातच, आणि दाटीवाटीने राहण्याविरुद्ध पालिकेच्या तपासण्या होत असतात. त्या खोलीत रात्री थाप पडली की कोणालाही भूत आठवत नाही. हीच तुमची चौकट. प्रत्येक गोष्टीनंतर एक थाप, आणि दर वेळी दार कोणी उघडायचं हा प्रश्न. वेताळासारखंच: बोललं तर एक पंचाईत, गप्प बसलं तर दुसरी.

म्हणूनच ती खोली खरी वापरू नका. पडद्यावर ओळखू आलेली खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, जिन्याचा रंग, एवढ्यावरून पत्ता लागतो, आणि पलंग जातो तो गोष्टीतल्या माणसाचा नव्हे, रात्रपाळीहून येऊन झोपणाऱ्याचा. तीन भिंती, दोन डबल-डेकर पलंग, एक ट्यूबलाइट: एवढा सेट कोणाच्या तरी गोदामात उभा करता येईल. परवानगी त्या गोदामाची घ्या, रीतसर. इथे लपूनछपून शूट करणं महागात पडतं. बाहेरचा रोल्ला नुसत्या आवाजात आणा: बसचा हॉर्न, शेजारचा मल्याळी टीव्ही, पहाटेची अजान. मोबाईलचा माइक मात्र वापरू नका. थाप नीट ऐकू आली पाहिजे.