फरसबंदी रस्त्यातील रूळ

कुर्डुवाडीचे नाव निघताच माढा तालुक्यातील वृद्ध मंडळींना बार्शी लाईट रेल्वे आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी लोहमार्ग चालू केला. या मार्गाची कीर्ती मुख्यतः एका हिशेबावर उभी होती: कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे हलका रूळ पुरतो व भांडवलही बेताचेच लागते. हा रूळ सपाट पायाचा. खडीत बसविलेल्या स्लीपरांवर खिळवून माळरानातून न्यावयास त्याहून सोयीची वस्तू नव्हती.

मात्र जो रूळ माळावर गुणी ठरतो, तोच गर्दीच्या बाजारपेठेत उपद्रवी ठरू शकतो, हे शहरांना मोठी किंमत मोजून कळले. चाकाची आतली कड, जिला रेल्वेची माणसे फ्लँज म्हणतात, रुळाच्या माथ्याखाली उतरते. म्हणून रस्ता रुळाला अगदी भिडवून चालत नाही, आत एक खाच मोकळी ठेवावीच लागते. ही खाच नुसत्या दगडांच्या काठाने राखली, तर लोखंडी धावांच्या बैलगाड्या त्या काठाचे टवके काढतात, खाच रुंदावते, तीत पाणी मुरते आणि तळाचा पाया खचू लागतो. शिवाय बुटका रूळ घातला, तर स्लीपरवर फरसबंदीचा दगड बसण्यापुरती उंचीच उरत नाही.

१८६१ साली जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन याने लंडनच्या रस्त्यांत ट्रामसाठी पायरीसारखी कड असलेले रूळ घातले. ती कड रस्त्याच्या वर राहिल्याने गाड्यांची चाके अडू लागली, तक्रारी वाढल्या आणि रूळ उखडावे लागले. याउलट अल्फोन्स लुबा याने न्यूयॉर्कात १८५२ च्या सुमारास व नंतर पॅरिसमध्ये खाच रुळातच कोरलेली ठेवली होती. पुढे पोलाद लाटण्याची कला सुधारली, तेव्हा उंच मानेचा, माथा, खाच व ओठ एकाच तुकड्यात असलेला रूळ निघाला आणि फरसबंदीच्या रस्त्याला साजेसा रूळ म्हणून तोच रूढ झाला.

आपल्याकडे मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी अखेरची धावली. अलीकडे फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम करताना डांबराखालून जुने रूळ निघाले.

खाचेचे मर्म ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे आहे, त्याने मुंबईस जाण्याची गरज नाही. रेल्वेचे फाटक पुरे आहे. तेथे मुख्य रुळाच्या आत समांतर बसविलेला दुसरा रूळ, ज्याला चेक रेल म्हणतात, तो रस्त्याला थोपवून धरतो. ब्रॉडगेजवर या दोहोंतील अंतर ५१ ते ५७ मिलिमीटर राखण्याचा नियम आहे, आणि गँगमन सळईने त्यातील माती-खडे उकरून काढतो, ते उगीच नव्हे. शहरी ट्रामच्या खाचेची रुंदी आज साधारणपणे ३६ ते ४२ मिलिमीटर असते. एवढ्या फटीत सायकलचे चाक सहज अडकते, हा तिचा खरा दोष होय. ओलांडावयाची झाल्यास शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी.

खाचेचा रूळ महाग असतो, तो लाटणारे कारखाने थोडे, खाच वारंवार साफ करावी लागते आणि रूळ झिजला की रस्ता फोडावा लागतो. म्हणून सपाट पायाचा रूळ काँक्रीटमध्ये बसवून, बाजूला रबराची पट्टी देऊन काम भागविण्याची अमेरिकी पद्धतही चालते. स्वतंत्र पट्ट्यातून धावणाऱ्या ट्रामला तर ती खुशाल वापरावी. पण जेथे पादचारी, हातगाडी, सायकल व मोटार यांची एकच वाट आहे, तेथे केवळ खरेदीच्या रकमेवर निविदा मंजूर करणे मला अनुचित वाटते. महाराष्ट्रातील एखाद्या नगरपालिकेने ट्रामचा विचार पुन्हा केलाच, तर दरपत्रकाआधी तिने आपल्या रस्त्यावरील रहदारी मोजावी आणि मिश्र रहदारीच्या भागासाठी खाचेचाच रूळ मागवावा.