मिनेआ
मिनेआ : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळमालेतील एक भविष्यवेत्ती. मालेतील चौथा खेळ एनिक्स कंपनीने ११ फेब्रुवारी १९९० रोजी जपानमध्ये प्रकाशित केला. त्याची संहिता यूजी होरिई यांची व पात्ररेखाटन आकिरा तोरियामा यांचे आहे. अमेरिकेतील १९९२ च्या आवृत्तीत तिचे नाव ‘नारा’ असे ठेवण्यात आले.

खेळाच्या पाच अध्यायांपैकी चौथा मिनेआ व तिची थोरली बहीण नर्तकी मान्या यांचा आहे. त्यांचा किमयागार पिता एडगान यास उत्क्रांतीचे रहस्य गवसले होते. त्याच्या लोभाने शिष्य बाल्झाक याने त्याचा खून केला. सूडासाठी निघालेल्या बहिणी बाल्झाकला हरवितात. परंतु लगेच किंगलिओ या राक्षसाशी गाठ पडते. खेळणारा कितीही कुशल असला, तरी ही लढाई त्यास जिंकता येत नाही. इतरांचे भविष्य सांगणारीचा पराभव संहितेतच लिहिलेला आहे.

तुरुंगातून सुटून बहिणी जहाजाने एंडोर नगरीत येतात. पाचव्या अध्यायात खेळणारा नायक होऊन तेथे पोहोचतो, तेव्हा मान्या जुगारात गुंतलेली असून मिनेआ १० सुवर्णमुद्रा घेऊन भविष्य सांगत असते. ज्याच्या शोधात आपण होतो तो हाच, हे तिला त्याचे भविष्य पाहताना उमगते. आधी जिची प्रत्येक हालचाल आपल्या हाती होती, तिच्यापुढे खेळणारा आता अनोळखी गिऱ्हाईक असतो. ही योजना मोठी कल्पक होय. मूळ आवृत्तीत यापुढे लढाईत तिला आज्ञाही देता येत नाही. ती स्वबुद्धीने लढते.

उपचाराचे व वाऱ्याचे मंत्र तिला अवगत आहेत. तिच्या चांदीच्या टॅरो पत्त्यांचा परिणाम मात्र निघेल त्या पानावर अवलंबून असतो.