पदव्युत्तर भौतिकशास्त्र, लेखांक ५ : मटेरिअल्स फिजिक्स निवडताना

एम.एस्सी. फिजिक्सचं दुसरं वर्ष जवळ आलं की स्पेशलायझेशनचा प्रश्न समोर उभा राहतो. गेल्या आठवड्यात आपण न्यूक्लिअर फिजिक्स पाहिलं. आज मटेरिअल्स फिजिक्स, आणि तेही कर्वेनगरात राहून शिकणाऱ्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून. कारण या विषयासाठी कर्वेनगर किती मोक्याच्या जागी आहे, हे तिथे राहणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

पाषाणला १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिच्या शेजारी २००६ साली स्थापन झालेली आयसर, आणि त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट. गणेशखिंडीत विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. उलट बाजूला राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्याने गेलं की गिरिनगरला डीआयएटी. इतक्या प्रयोगशाळा एका शहरात फार थोड्या ठिकाणी सापडतील. आणि हे सगळं ज्या वस्तीच्या आवाक्यात आहे, तिला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांचं नाव आहे. त्यांच्याच संस्थेनं १९९१ साली इथे मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. त्यामुळे ‘इंजिनिअरिंग सोडून फिजिक्स कशाला?’ हा प्रश्न इथल्या घरांत आजही होतो. मटेरिअल्स फिजिक्स हे त्याला चांगलं उत्तर आहे. सौर घट, बॅटरी, वायू ओळखणारे सेन्सर, एलईडी यांचं काम अखेर पदार्थाच्या आतल्या रचनेवर येऊन ठेपतं.

पण ‘नॅनो’ या शब्दाला भुलून हा विषय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इथे खरी कसोटी मोजमापाची असते. एकच उदाहरण जरा सविस्तर पाहू.

समजा, तुम्ही प्रकल्पासाठी काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म तयार केलीत. एक्सआरडीच्या यंत्रात तांब्याच्या नळीतून ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण तिच्यावर पडतात. आलेखावर ३४.४ अंशांच्या आसपास एक ठळक पीक दिसतं आणि शेजारची ३१.८ व ३६.३ अंशांची पीक जवळजवळ नाहीशी झालेली असतात. याचा अर्थ स्फटिक अस्ताव्यस्त पडलेले नाहीत, बहुतेक सगळे काचेवर एकाच दिशेनं उभे वाढले आहेत. पुढे त्या पीकची रुंदी मोजून शेररच्या सूत्रानं स्फटिकांचा आकार काढायचा. रुंदी ०.४ अंश असेल तर उत्तर सुमारे २१ नॅनोमीटर येतं. अर्थात अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर केलं असेल तरच!

इथवर सगळेच पोचतात. खरं भौतिकशास्त्र यापुढे आहे. यंत्र स्वतःसुद्धा प्रत्येक पीक थोडं रुंद करतं. समजा, दुसऱ्या फिल्मची रुंदी ०.२ अंश आली आणि त्यात यंत्राचा वाटा ०.१५ अंशांचा आहे. तो लक्षात न घेता हिशेब केला तर आकार ४२ नॅनोमीटर येतो. वर्गांच्या वजाबाकीनं दुरुस्त केला तर ६३ च्या जवळ जातो. दीडपट फरक! शिवाय फिल्ममध्ये ताण असेल तर त्यानंही पीक रुंदावतं आणि ताणाला आपण बारीक कण समजून बसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दाणा आणि एक्सआरडी मोजतं तो स्फटिक यांतही अंतर असतं, कारण एका दाण्यात कित्येक स्फटिक असू शकतात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे. यंत्र, सूत्र आणि सॅम्पल यांच्यामधली ही जागा जिला ओळखता आली, तिला पुढे रामन, यूव्ही-व्हिजिबल किंवा हॉल इफेक्टची मापनं शिकणं जड जात नाही.

अभ्यासक्रमाचं फार बोलायला नको. स्फटिकरचना, पट्टसिद्धान्त, फिल्म बनवण्याच्या पद्धती आणि त्या तपासण्याची तंत्रं, इतका गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एक मात्र नक्की : क्वांटम आणि सांख्यिकी भौतिकी बाजूला पडू देऊ नका. नेटच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला मटेरिअल्सचा वाटा थोडा असतो, बाकी सगळं मूळ विषयांवर. आणि झिंक ऑक्साइडची ऊर्जादरी ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास का आहे, कण फारच लहान झाले की ती रुंदावते का, याची उत्तरं क्वांटममध्येच आहेत.

स्पेशलायझेशनचा फॉर्म भरण्याआधी आपल्या विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटा. एक्सआरडीवर विद्यार्थ्यांचा स्वतःचा हात चालतो, की सॅम्पल बाहेर पाठवून फक्त आलेख परत येतो, हे त्यांना स्पष्ट विचारा. आलेखच येत असेल, तर पाषाण आणि गिरिनगरच्या संस्थांतल्या मार्गदर्शकांना उन्हाळी प्रकल्पासाठी आत्तापासून लिहायला लागा. त्या जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात.