मोटारसायकलची बॅटरी घरी चार्ज करताना घ्यावयाची खबरदारी

भांडुपच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर दाटीने वसलेल्या चाळींत कोकणातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. गणेशोत्सवासाठी ही मंडळी गावी जातात आणि तेवढे दिवस मोटारसायकल भर पावसात दाराशी उभी राहते. परत येऊन पाहावे, तो बॅटरी उतरलेली असते. गावातील शेतकऱ्याचीही हीच अडचण आहे. लावणीच्या दिवसांत गाडी पडवीत पडून राहते आणि बाजाराच्या दिवशी चालू होत नाही. मग कोणाकडून तरी चार्जर मागून आणून बॅटरी घरातच चार्ज केली जाते. भांडुपला महावितरणची वीज मिळते आणि राज्यातील बहुतेक गावांनाही तिचीच मिळते. विजेचा दाब दोन्ही ठिकाणी सारखाच, म्हणजे 230 व्होल्ट असतो. म्हणून चाळीत जी खबरदारी घ्यावयाची तीच गावातही घेतली पाहिजे.

धोका कोठे आहे?

मोटारसायकलची बॅटरी 12 व्होल्टची असते. कोरड्या हाताने तिच्या दोन्ही अग्रांना स्पर्श केला तरी धक्का जाणवत नाही. यामुळे हे काम निर्धोक आहे असा समज होतो. परंतु चार्ज करताना ही बॅटरी घरातील 230 व्होल्टच्या विजेशी जोडली जाते. या दोहोंमध्ये भिंत म्हणून उभा असतो तो चार्जर. चांगल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची दोन वेटोळी एकमेकांपासून अलग असल्यामुळे घरातील वीज बॅटरीच्या बाजूस उतरू शकत नाही.

काही ठिकाणी मात्र एक डायोड व एक विजेचा दिवा एकापुढे एक जोडून चार्जर तयार करतात. अशा जुळणीने बॅटरी चार्ज होते, म्हणून ती उपयोगी वाटते. वस्तुतः ती प्राणघातक आहे. तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसल्याने बॅटरीच्या अग्रांवर घरातील वीज थेट येते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात बॅटरीला लागला, तर प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. 100 वॅटच्या दिव्यातून अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह वाहतो हे खरे. परंतु त्याचा अल्पसा अंशही माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा असतो. टेस्टर पेटला नाही म्हणून अशी जुळणी सुरक्षित ठरत नाही. दोन पिनांचा प्लग उलट बसविताच तीच अग्रे जिवंत होऊ शकतात. अशी जुळणी कोणीही वापरू नये.

बॅटरीतील वायू व आम्ल

साध्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या व सौम्य गंधकाम्ल असते. चार्ज होत असताना, विशेषतः बॅटरी भरत आल्यावर, तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे 4 टक्के झाले की एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. त्यामुळे चूल, स्टोव्ह, देवघरातील समई किंवा पेटती विडी जवळ असू नये. बंद खोलीत किंवा खाटेखाली बॅटरी ठेवू नये. पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशी मोकळी पडवी किंवा खिडकीजवळची कोरडी जागा योग्य होय.

कामाचा क्रम

1. गाडी बंद करून बॅटरी बाहेर काढावी. प्रथम ऋण अग्राची व नंतर धन अग्राची तार सोडवावी. ऋण अग्र गाडीच्या सांगाड्याशी जोडलेले असते. धन अग्र आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडते.

2. चार्जर प्रमाणित, तीन पिनांचा व 12 व्होल्टचा असावा. वायर तुटलेली किंवा चिकटपट्टीने जोडलेली नसावी. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे व 30 मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवून घ्यावे.

3. चार्जरचा स्विच बंद असताना धन चिमटा धन अग्रास व ऋण चिमटा ऋण अग्रास लावावा. त्यानंतरच स्विच चालू करावा. काम संपल्यावर आधी स्विच बंद करून मग चिमटे काढावेत. असे केल्याने वायूजवळ ठिणगी पडत नाही.

4. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका असावा. 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर पुरतो. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्यास 10 ते 12 तास लागतात. म्हणून काम सकाळीच सुरू करावे. बॅटरी हातास गरम लागल्यास किंवा फुगल्यास वीज ताबडतोब बंद करावी.

5. सीलबंद बॅटरीचे झाकण उघडू नये. बॅटरी गाडीत परत बसवताना धन तार आधी व ऋण तार शेवटी जोडावी.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी

या गाड्यांच्या बॅटऱ्या पुष्कळ मोठ्या असतात व त्यांपैकी बहुतेक लिथियमच्या असतात. त्यांना साधा चार्जर कधीही लावू नये. गाडीबरोबर मिळालेलाच वापरावा. सप्टेंबर 2022 मध्ये मुंबईनजीक वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या अशा गाडीच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे रुग्णालयात दगावला. माणसे झोपलेली असताना बॅटरी चार्ज करू नये. एकाच दाराच्या खोलीत ती दारापाशी तर मुळीच ठेवू नये. कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसलेल्या माणसास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून त्यास कोरड्या लाकडाने दूर सारावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्ल डोळ्यात किंवा अंगावर उडाल्यास ती जागा किमान 15 ते 20 मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. डोळ्यास इजा असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभेत चिमटे लावण्याचा व काढण्याचा क्रम प्रत्यक्ष करून दाखवावा. गावात डायोड व दिव्याची जुळणी कोणाकडे असल्यास ती मोडून टाकण्यास त्यास समजावून सांगावे. चांगला चार्जर घेणे परवडत नसेल, तर बॅटरी दुकानातून चार्ज करून आणावी. त्यासाठी लागणारे थोडे पैसे व एक खेप ही घरातील माणसाच्या जिवापुढे काहीच नव्हेत.